चिखलांतून गाडी नेतांना

पावसाळा लागला म्हणजे मराठ्यांच्या मोहिमा थांबत आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून त्या पुन्हां सुरू होत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेंच आहे. त्या चार महिन्यांच्या विश्रांतीचें मुख्य कारण शत्रूची भीति हें नसून दुथडी भरलेल्या नद्या आणि वाटांवरील चिखल हें होतें. घोडा, बैल, तोफेचा गाडा या सर्वांनाच चिखलापुढें हात टेंकावे लागत. पुढें यंत्रयुग आलें, तरी चिखलाचा अंमल कांहीं संपला नाहीं. १९४१ सालच्या ऑक्टोबरांत मॉस्कोच्या रोखानें निघालेल्या जर्मन सैन्याच्या मोटारी व तोफा रशियांतील कच्च्या रस्त्यांवर रुतून बसल्या, आणि त्या बलाढ्य सैन्याचा वेग कांहीं आठवडे मातीनें व पाण्यानें रोखून धरला.

त्याच महायुद्धानें जगाला जीप ही गाडी दिली. अमेरिकेंत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. पुढें आज महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्ध असलेल्या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस जीप जोडावयास आरंभ केला, आणि हिच्याच वंशांतील ‘थार’ २०१० सालापासून आपल्या परिचयाची झाली. या जातीच्या गाडींत इंजिनाची शक्ति केवळ दोन चाकांस न देतां चारही चाकांस देण्याची सोय असते. त्यामुळें लोकांत, विशेषतः तरुणांत, असा समज रूढ झाला आहे कीं, चारही चाकें फिरूं लागलीं म्हणजे अशा गाडीला अडविणारें जगांत कांहीं नाहीं. हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा किती महाग पडतो, हें आम्हांस दोन पावसाळ्यांपूर्वीं समजलें.

आमचा एक जुना विद्यार्थी तोरण्याच्या पायथ्याशीं, वेल्ह्याच्या बाजूस राहतो. भाताचीं खाचरें आणि चार म्हशी हा त्याचा प्रपंच. डांबरी सडकेपासून त्याची वाडी सुमारें दोन किलोमीटर आंत आहे, आणि मधली वाट पावसाळ्यांत वाट या नांवास पात्र राहत नाहीं. श्रावणांतील एका रात्रीं त्याच्या आजीला ताप चढला व धाप लागली. त्यानें घरची जुनी जीप काढली, आजीला मागें निजविलें आणि तो निघाला. अर्ध्या वाटेंत चाकें रुतलीं. बाहेर पाऊस कोसळत होता. पाठीमागें आजीचा श्वास घरघरत होता. अशा वेळीं कोणाचें चित्त ठिकाणावर राहील? त्यानें इंजिन गरगरविलें, क्लच अर्धा सोडला, पुन्हां दाबला, पुन्हां सोडला. पाव तास असें चाललें. मग जळका वास सुटला, पायांखालून धूर आला, आणि इंजिन गर्जत असतांही चाकें हलेनाशीं झालीं. शेवटीं वाडींतील चौघांनीं बाजेवर घालून आजीला सडकेपर्यंत खांद्यावरून आणलें. आजी वांचल्या, परंतु मध्यें जो दीड तास गेला त्याची आठवण निघाली म्हणजे तो तरुण अजूनही गप्प होतो.

चार दिवसांनीं ती जीप दुसऱ्या गाडीस बांधून आम्ही राहतों त्या बिबवेवाडींत दुरुस्तीस आणली गेली. येथील एका वयस्क मिस्त्रींनीं ती उघडली आणि क्लचची तबकडी आमच्या हातीं दिली. तिचें अस्तर जळून काळें पडलें होतें आणि झिजून आंतील रिव्हेट उघडे पडले होते. आम्ही म्हणालों, “चिखलानें काय दशा केली पाहा!” तेव्हां मिस्त्री मान हालवून म्हणाले, “मास्तर, हें चिखलानें नाहीं केलें. डाव्या पायानें केलें.”

आज आम्ही जें सांगणार आहों त्याचें सार या एका वाक्यांत आलें आहे. खोल चिखलांतून हातानें गिअर बदलावयाची गाडी नेतांना तिची जी हानि होते, तींतील बराच भाग चिखलाच्या माथीं मारतां येत नाहीं. ती घाईमुळें होते, आणि नंतर आळसामुळें होते. तें कसें, हें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम क्लच म्हणजे काय तें समजून घेऊं. इंजिनाबरोबर एक जड चाक सतत फिरत असतें. त्यास लागून एक तबकडी असते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचें अस्तर बसविलेलें असतें, आणि ती गिअरच्या दांड्यावर बसविलेली असते. स्प्रिंगांच्या जोरानें ही तबकडी त्या जड चाकावर घट्ट दाबली गेली म्हणजे दोन्ही एकजीव होऊन फिरतात व शक्ति पुढें जाते. डाव्या पायानें पायटा दाबला म्हणजे हा दाब सुटतो व इंजिन चाकांपासून मोकळें होतें. पूर्ण दाबलेला क्लच निरुपद्रवी, पूर्ण सोडलेला क्लचही निरुपद्रवी. घात होतो तो मधल्या अवस्थेंत. पायटा अर्धा दाबलेला असतांना जड चाक फिरतें, तबकडी मागें राहते, आणि दोहोंमध्यें घासाघीस चालते. सपाट रस्त्यावर गाडी हालवितांना ही घासाघीस क्षणभरच होते. चिखलांत मात्र चाकें जखडलेलीं असतात; तबकडी जागची हालत नाहीं, आणि इंजिनाची सारी शक्ति घर्षणांत खर्च होते.

शक्ति नाश पावत नाहीं, ती रूप बदलते, हा नियम आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. येथें तिला उष्णतेचें रूप येतें. किती उष्णता, याचा हिशेब करून पाहा. क्लचमधून १५० न्यूटन-मीटर इतका पीळ जात आहे, आणि इंजिन मिनिटास सुमारें १९०० फेरे, म्हणजे सेकंदास सुमारें २०० रेडियन या वेगानें फिरत असून तबकडी स्थिर आहे, असें धरा. दोहोंचा गुणाकार ३०,००० वॉट होतो. स्नानाचें पाणी तापविण्याची विजेची कांडी साधारणतः एक हजार वॉटची असते. म्हणजे ताटाएवढ्या त्या तबकडीवर अशा तीस कांड्यांची उष्णता एकदम ओतली जाते! पाव तास राहूं द्या, अर्धा मिनिट अस्तर जाळावयास पुष्कळ झाला.

यावर उपाय काय? उपाय गाडींतच ठेवलेला असतो, परंतु तो वेळेवर योजावा लागतो. अशा गाड्यांत नेहमींच्या गिअरच्या दांड्याजवळ दुसरा एक लहान दांडा असतो. त्यानें चारही चाकें जोडतां येतात आणि आणखी एक मंद गति घेतां येते. सायकलनें चढ चढतांना मागचें मोठें दांतचाक घेतलें म्हणजे पाय पुष्कळदां फिरवावे लागतात, पण जोर कमी लागतो. तोच हा न्याय. समजा, पहिल्या गिअरांत इंजिनाचा जोर चौपट होतो, मागील धुरीवरील दांतचाकांत पुन्हां चौपट होतो, आणि या मंद गतीच्या पेटींत अडीचपट होतो. चार, चार आणि अडीच यांचा गुणाकार चाळीस. इंजिनाच्या चाळीस फेऱ्यांस चाकाचा एक फेरा पडेल आणि, घर्षणांतील घट सोडली तर, जोर चाळीसपट मिळेल. मिनिटास १२०० फेरे घेणाऱ्या इंजिनानें अशी गाडी ताशीं सुमारें चार किलोमीटर चालेल. म्हणजे आपण सहज चालतों तितक्या वेगानें. अशा गतींत क्लच पूर्ण सोडून देतां येतो, आणि वेगावर ताबा केवळ उजव्या पायानें राखतां येतो. डाव्या पायाला तेथें कांहीं कामच उरत नाहीं. तो पायट्यावर टेंकवून न ठेवतां बाजूस जमिनीवर ठेवावा, हा पहिला नियम.

ही मंद गति चिखलांत शिरण्यापूर्वींच, गाडी उभी असतांना घ्यावी. रुतल्यानंतर घेऊं म्हणणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय. खोल चिखलांत पुष्कळदां पहिल्यापेक्षां दुसरा गिअर बरा पडतो. कारण पहिल्यांत जोर इतका असतो कीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. एकदां गिअर ठरविला म्हणजे पैलतीर गांठेपर्यंत तो बदलूं नये. गिअर बदलण्याच्या क्षणीं चाकांचा जोर तुटतो, गाडी थबकते, आणि पुन्हां हालवितांना तोच अर्ध्या क्लचचा मोह पडतो.

आतां चिखलाकडे वळूं. सर्व चिखल एका जातीचा नसतो, हें शेतकऱ्याचा मुलगा जाणतो, पण शहरांतील मुलास सांगावें लागतें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर तप्त रसाचे थरावर थर पसरले. त्यांचा जो काळा खडक झाला, तो झिजून आपली काळी माती बनली. पुण्याच्या पूर्वेस, दौंड व बारामतीकडे ही विपुल आहे. तिच्या चिकण भागाचे कण मिलिमीटरच्या दोन सहस्रांशांहूनही लहान असून ते पापुद्र्यांसारखे असतात. या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें म्हणजे माती फुगते, आणि पाणी गेलें म्हणजे आकसून भेगाळते. अशी ओली माती टायरच्या खांचांत लिंपली जाते आणि टायर क्षणांत गुळगुळीत होतो. पश्चिमेस वेल्हें-मुळशीकडील भातखाचरांची गोष्ट निराळी. तेथें वर्षानुवर्षें चिखलणी करून वरचा थर लोण्यासारखा केलेला असतो, आणि खालीं बहुधा घट्ट थर असतो. तेथील वाटेंत चाक घट्ट तळास लागलें तर गाडी निघते. मात्र तो तळ गाडीच्या पोटापेक्षां खोल असला, तर गाडी पोटावर बसते आणि चाकें पाण्यांतील बदकाच्या पायांप्रमाणें व्यर्थ फिरतात.

म्हणून दुसरा नियम असा कीं, जेथें आपण पायीं गेलों नाहीं तेथें गाडी नेऊं नये. गाडी थांबवावी, खालीं उतरावें, हातीं काठी घ्यावी आणि वाट चालून पाहावी. काठी कोठें किती जाते, तळ घट्ट लागतो कीं नाहीं, मध्यें दगड किंवा खुंट आहे काय, आणि मुख्य म्हणजे पलीकडे बाहेर पडण्यास चढ कसा आहे, हें पाहावें. काठीवर आपल्या गाडीच्या पोटाच्या उंचीची खूण आधींच करून ठेवावी. २०२० सालच्या नव्या थारच्या पोटाखालीं जमिनीपासून २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे, म्हणजे सुमारें एक वीत. कपडे मळतील म्हणून न उतरणारा चालक पुढें गुडघाभर चिखलांत उतरतोच; फरक एवढाच कीं तेव्हां त्याच्या हातीं काठीऐवजीं फावडें असतें.

तिसरी गोष्ट टायरांतील हवेची. सुईचें टोंक कापडांत शिरतें आणि बोट शिरत नाहीं, कारण भार तोच असला तरी तो लहान जागेवर पडतो. चाकाचें तसेंच आहे. अठराशें किलोच्या गाडीच्या एकेका चाकावर सुमारें ४५० किलो भार येतो. टायरांत ३० पौंड हवा असली तर तो भार जमिनीवर सुमारें २१० चौरस सेंटिमीटर जागेवर पडतो. हवा १८ पौंडांवर आणली तर सुमारें ३५५ चौरस सेंटिमीटर जागेवर पडतो. टायरच्या भिंतींचा ताठपणा येथें हिशेबांत धरलेला नाहीं, तरी तत्त्व ध्यानांत येईल. भार पसरला म्हणजे चाक कमी रुतते आणि त्याची पकडही वाढते. मात्र हवा फार कमी केली तर वळतांना टायर कडीवरून निसटतो. शिवाय कमी हवेनें डांबरी रस्त्यावर वेगानें जाणें प्राणघातक आहे. यास्तव हवा भरण्याचें साधन जवळ असेल तरच ती काढावी, आणि बाहेर पडतांच ती पूर्ववत् भरावी.

आतां चिखलांत शिरल्यावर. वेग सुरुवातीसच ठरवून घ्यावा आणि तो एकसारखा राखावा. झपाट्यानें घुसणारी गाडी पाण्याचे व मातीचे लोट स्वतःवरच उडवून घेते आणि आंतील दगडावर आपटून आपल्या हाडांचा भुगा करते. अति मंद जाणारी मध्येंच दम सोडते. चाकांची पकड सुटूं लागली असें वाटतांच सुकाणू किंचित् डावीकडे, किंचित् उजवीकडे असें हालवावें. त्यामुळें टायरच्या कडांना नवी माती चावावयास मिळते. अंगठे सुकाणूच्या आंत अडकवूं नयेत. पुढील चाक दगडावर आदळलें म्हणजे जुन्या जीपचें सुकाणू असा हिसका मारतें कीं अंगठा मोडावा.

आणि चौथा नियम, जो पाळण्यास सर्वांत कठीण: गाडी पुढें जाणें थांबलें आणि चाकें नुसतीं फिरूं लागलीं, तर त्याच क्षणीं उजवा पाय उचलावा. फिरणारें चाक आपली कबर आपणच खणतें. अशा वेळीं क्लच पूर्ण दाबावा, मागचा गिअर घ्यावा, आणि आपणच केलेल्या चाकोरींतून हलकेच मागें यावें. ती वाट दाबली गेल्यामुळें बहुधा घट्ट असते. एकदां, दोनदां प्रयत्न करावा. जळका वास आल्यास पुढें एक क्षणही अट्टाहास करूं नये. गिअर मोकळा करून, पाय क्लचवरून काढून, इंजिन मंद चालूं द्यावें व तबकडी निवूं द्यावी. आमच्या त्या विद्यार्थ्यानें पहिल्याच मिनिटास थांबून चाकांपुढची माती उपसली असती आणि फांद्या व पोतीं घातलीं असतीं, तर कदाचित् बाजेची गरज पडली नसती.

रुतलेली गाडी काढण्याचे साधे उपाय अजूनही उत्तम आहेत. फावड्यानें चाकांपुढील व पोटाखालील माती काढावी. चाकांखालीं दगड, फांद्या, गोणपाट सारावे. ओढून काढावयाची असल्यास दोर किंवा पट्टा गाडीच्या सांगाड्यास पक्क्या बसविलेल्या आंकड्यासच बांधावा. बंपरास किंवा मागील गाडा जोडण्याच्या गोळ्यास कधींही बांधूं नये. ताणलेला दोर तुटला किंवा गोळा उखडला तर तो गोळीप्रमाणें सुटतो, आणि माणसें यानें खरोखर दगावलीं आहेत. ओढतांना सर्वांनीं दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभें राहावें, आणि दोरावर मध्यें जड कांबळें किंवा पोतें टाकावें. गांवांत अशी गंमत पाहावयास मुलें हमखास जमतात. त्यांना आधीं दूर करावें, मगच दोर ताणावा.

चिखलाचा सोबती पाणी. त्याचे घाव दिसत नाहींत म्हणून अधिक वाईट. इंजिन हवा ओढून घेतें; त्या वाटेनें पाणी शिरलें तर सिलिंडरांत तें दबत नाहीं, आणि दट्ट्याचा लोखंडी दांडा वांकतो. थारच्या कारखानदारांनीं गाडी ६५० मिलिमीटर पाण्यांतून जाऊं शकते असें सांगितलें आहे. परंतु तें स्थिर पाणी आणि सावकाश चाल धरून. खोल पाण्यांत इंजिन बंद पडलें, तर पुन्हां सुरू करण्याचा मोह आवरावा. गाडी ओढून बाहेर काढावी व मिस्त्रीस दाखवावी.

दुसरा घाव धुरींच्या पेटींवर बसतो. या पेटींत दांतचाकें तेलांत फिरतात. रस्त्यानें येतांना पेटी व आंतील हवा तापलेली असते. ती एकाएकीं थंड पाण्यांत बुडाली म्हणजे आंतील हवा आकसते आणि बाहेरचें पाणी तेलाच्या सीलांतून आंत शोषलें जातें. हें होऊं नये म्हणून पेटीस श्वास घेण्याची एक बारीक नळी असते. ती चिखलानें बुजलेली नसावी, आणि तिचें तोंड शक्य तितकें उंच बांधून घ्यावें. पाणी शिरलेलें तेल ओळखणें सोपें आहे. तें दूध घातलेल्या चहासारखें दिसतें. असें तेल तत्काळ बदलावें, नाहीं तर दांतचाकें व बेअरिंगें गंजून पुढें महिन्या-दोन महिन्यांनीं, भलत्याच ठिकाणीं, दगा देतात. आणि तेव्हां त्या दिवसाच्या पाण्याची आठवणही कोणास राहत नाहीं.

येथें आळसाचा प्रकार सुरू होतो. चिखलांतून गाडी निघाली म्हणजे मंडळी टाळ्या पिटतात, छायाचित्रें काढतात आणि घरीं येऊन निजतात. खरें काम दुसऱ्या दिवशींचें असतें. किंबहुना तें सडकेस लागतांच सुरू होतें. प्रथम चार चाकांची जोडणी सोडावी. कारण कोरड्या डांबरावर वळतांना पुढील व मागील चाकें सारखीं फिरत नाहींत आणि पुष्कळ गाड्यांत त्याचा ताण दांतचाकांवर पडतो. मग सावकाश चालतांना ब्रेक चार-सहा वेळां हलकेच दाबून कोरडे करावे. ओले ब्रेक पहिल्या उतारावर फसवितात, आणि वेल्ह्याहून येणाऱ्यास पुढें कात्रजचा घाट आहेच. चाकाच्या आंतील बाजूस मातीचे गोळे राहिले तर सुकाणू थरथरतें. ते काठीनें काढावे.

घरीं आल्यावर गाडी वरून चकचकीत करण्यापूर्वीं खालून धुवावी. सांगाड्याच्या कोपऱ्यांत बसलेली माती ओलावा धरून ठेवते आणि लोखंड महिनोन् महिने गंजत राहतें. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें असतात. तीं मोकळीं करावीं. रेडिएटरच्या जाळींत चिखल वाळला तर हवा जात नाहीं आणि इंजिन तापतें. ही जाळी इंजिनाच्या बाजूनें, पाण्याची धार मंद ठेवून धुवावी. जोराच्या धारेनें तिचे नाजूक पत्रे वांकतात. ब्रेकच्या ढोलांत राहिलेला चिखल कानशीप्रमाणें अस्तर खातो. ते उघडून धुवावे. फिरत्या दांड्याच्या सांध्यांस जुनें ग्रीस बाहेर येईपर्यंत नवें ग्रीस भरावें. रबरी टोप्या फाटल्या आहेत काय तें पाहावें, आणि शेवटीं सर्व पेट्यांतील तेल तपासावें. हें धुणें ओढ्यावर किंवा नदीवर करूं नये. तेंच पाणी खालच्या वस्तीचीं माणसें आणि गुरें पितात.

पालकांस आणखी एक गोष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. चिखल आणि पूर हे एक नव्हेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आपल्या आंबील ओढ्यास पूर आला, तेव्हां अरण्येश्वर आणि सहकारनगर या आमच्या शेजारच्या भागांत काय झालें तें येथील अनेक कुटुंबांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मोटारी कागदाच्या होडीसारख्या वाहून एकमेकींवर चढल्या, आणि माणसें प्राणांस मुकलीं. वाहतें पाणी सुमारें साठ सेंटिमीटर खोल झालें तर बहुतेक गाड्यांस उचलून नेऊं शकतें. तेथें चारही चाकांची शक्ति, मंद गति, टायर यांपैकीं कशाचाच उपयोग नाहीं. चिखलाशीं धीरानें वागतां येतें. पुरापुढें मागें फिरणें हीच एक विद्या आहे.

तसेंच, केवळ मौजेखातर दुसऱ्याच्या खाचरांतून गाडी घालणाऱ्यांना आम्हीं वेल्ह्याकडे पाहिलें आहे. जो बांध शेतकऱ्यानें वर्षभर जपला तो एका चाकानें फुटतो आणि त्याबरोबर खाचरांतील पाणी जातें. गाडी जपावयाची ती कोणासाठीं आणि कशासाठीं, याचा विसर पडूं नये.

गेल्या आषाढांत आम्ही त्या विद्यार्थ्याकडे गेलों होतों. नवा क्लच बसविलेली जीप घेऊन तो आम्हांस सडकेवर न्यावयास आला होता. त्याच त्या जागीं त्यानें गाडी थांबविली, तो खालीं उतरला, सीटमागून खूण केलेली काठी काढली आणि पाऊस अंगावर घेत ती वाट पुढून मागून चालून आला. मग टायरांतील थोडी हवा सोडली, लहान दांडा ओढला आणि डावा पाय बाजूस ठेवला. गाडी माणसाच्या चालीनें, कुरकुर न करतां, पलीकडे गेली. ओटीवर आजी बसल्या होत्या. नातू इतका वेळ कोठें होता म्हणून त्या त्याच्यावर रागावल्या. तो हंसला आणि म्हणाला, “आजी, काठी घेऊन चालत होतों.”